शिपायाला दहावी लागते, मग आमदाराला का नाही?

निवडणुका जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. सरकारी कार्यालयात शिपाई व्हायचं तर दहावी पास असावं लागतं, तलाठी व्हायचं तर पदवी लागते, शाळेत शिकवायचं तर डीएड आणि वर टीईटी. पण या सगळ्यांवर ज्याची सही चालते, त्या मंत्र्याला शिक्षणाची कुठलीच अट नाही. शेवटी एक रागावलेला इमोजी आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मेसेजमधली माहिती खरी आहे. अट नाही, आणि ती चुकून राहून गेलेली नाही. घटना लिहिली जात असताना या प्रश्नावर विचार झाला होता, पुढे काही राज्यांनी अट घालूनही पाहिली, शेजारच्या पाकिस्तानने तर थेट संसदेसाठी घातली. या सगळ्यातून जे दिसलं ते मेसेजमधल्या तीन ओळींपेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

कायदा नेमकं काय मागतो?

लोकसभेच्या उमेदवाराची पात्रता घटनेच्या कलम ८४ मध्ये आहे आणि विधानसभेच्या उमेदवाराची कलम १७३ मध्ये. भारताचं नागरिकत्व, घटनेशी निष्ठा राखण्याची शपथ आणि किमान २५ वर्षं वय. राज्यसभा आणि विधान परिषदेसाठी वयाची अट ३० वर्षं आहे. याशिवाय मतदार यादीत नाव असावं लागतं. राष्ट्रपतिपदासाठी वय ३५ हवं, पण शिक्षणाचा उल्लेख तिथेही नाही.

मंत्री होण्यासाठी तर सुरुवातीला आमदार किंवा खासदार असणंही गरजेचं नाही. कोणालाही मंत्रिपदाची शपथ देता येते; फक्त सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीने सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं. या तरतुदीवर टीका खूप होते, पण जाणकार माणसं सरकारात आणण्याची हीच वाट आहे. जून १९९१ मध्ये डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले तेव्हा ते खासदार नव्हते; राज्यसभेवर ते त्यानंतर काही महिन्यांनी गेले. २०१९ मध्ये एस. जयशंकर यांच्याबाबतीतही असंच झालं.

आता याच घटनेत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी काय लिहिलंय ते पाहा. उच्च न्यायालयात किमान पाच वर्षं न्यायाधीश किंवा किमान दहा वर्षं वकील, नाहीतर राष्ट्रपतींच्या मते नामवंत विधिज्ञ. म्हणजे कायद्याचा अर्थ लावणाऱ्याची पात्रता ठरवलेली, आणि कायदा करणाऱ्याची मात्र मोकळी सोडलेली.

ही तफावत घटनाकारांच्या लक्षात आली नव्हती का?

आली होती. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली जाण्याआधी संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी समारोपाचं भाषण केलं. त्यात त्यांनी दोन गोष्टींची खंत बोलून दाखवली. पहिली खंत हीच: कायदा राबवणाऱ्यांना मोठी पात्रता लागते आणि कायदा करणाऱ्यांना निवडून येण्याखेरीज काहीच लागत नाही, हे विसंगत आहे. दुसरी खंत घटना भारतीय भाषेत लिहिता आली नाही याची होती. व्हॉट्सअॅपवर फिरणारा मुद्दा इतका जुना आहे.

पण भाषणाचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. कायदा करणाऱ्याला बुद्धीची तयारी हवी, पण त्याहून जास्त समतोल दृष्टी, स्वतंत्र बाणा आणि चारित्र्य हवं, असं राजेंद्रबाबू म्हणाले. आणि माणसाची नैतिक योग्यता मोजण्याची पट्टी कुणालाही तयार करता येत नाही, तोवर घटनेतली ही उणीव राहणारच, हेही त्यांनी मान्य केलं. थोडक्यात, ज्यांना अट हवीशी वाटत होती त्यांनाही ती कशी घालायची हे सुचत नव्हतं.

त्या काळचा आकडा समोर ठेवला की अडचण आणखी स्पष्ट होते. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. स्त्रियांमध्ये ती ९ टक्क्यांच्या आसपास. पहिल्या निवडणुकीत मतदार सुमारे १७ कोटी, आणि त्यातले बहुतेक अक्षरओळख नसलेले. म्हणून तर प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी मतपेटी ठेवावी लागली होती. अशा देशात मॅट्रिकची अट घातली असती तर सभागृहात कोणत्या घरांतली, कोणत्या जातींतली माणसं बसली असती हे सांगायला ज्योतिषी नको.

ब्रिटिशांच्या काळात हे होऊनही गेलं होतं. तेव्हा मताचा हक्कच मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण यांच्याशी जोडलेला होता. सायमन कमिशन आलं त्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी लावून धरली आणि साक्षरतेच्या अटीचा मुद्देसूद समाचार घेतला. अशी अट मागणारे दोन चुका करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला माणूस, असं ते धरून चालतात. आणि अक्षरं आली की आपोआप जास्त समज येते, असंही ते मानतात. शिकण्याची दारं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यासाठी बंद होती, त्यांना तुम्ही शिकलेले नाही म्हणून बाहेर ठेवणं हा दुहेरी अन्याय झाला असता.

हा युक्तिवाद करणारा माणूस कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेला होता हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून याच माणसाचा पराभव झाला. पदवीची अट असती तरी तो टळला नसता, कारण मतदार पक्ष, लाट, चिन्ह, जात अशा अनेक गोष्टी पाहून मत देतात. मनमोहन सिंगही १९९९ मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभेला हरले होते.

अट घालून पाहिली तेव्हा काय झालं?

लोकसभा-विधानसभेची पात्रता बदलणं राज्यांच्या हातात नाही. पंचायतीची आहे. राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये अध्यादेश काढला: जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी दहावी पास, सरपंचासाठी आठवी पास, आदिवासी भागातल्या सरपंचासाठी पाचवी पास. लगेचच निवडणुका होत्या. ज्या बायका आधीच्या पाच वर्षांत गावचा कारभार पाहत होत्या, त्यांच्यातल्या अनेकींना एका रात्रीत उमेदवारी अर्ज भरण्याचाही हक्क उरला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये सरकार बदललं आणि २०१९ मध्ये ही अट रद्द झाली.

हरियाणाने २०१५ मध्ये हाच रस्ता धरला. सर्वसाधारण उमेदवाराला दहावी, महिला आणि अनुसूचित जातींच्या उमेदवारांना आठवी, पंच होऊ पाहणाऱ्या अनुसूचित जातीच्या महिलेला पाचवी. जोडीला घरात चालू शौचालय हवं, वीजबिल आणि सहकारी कर्ज थकलेलं नको. याविरुद्धची याचिका 'राजबाला विरुद्ध हरियाणा राज्य' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेली. १० डिसेंबर २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. सप्रे यांच्या खंडपीठाने कायदा वैध ठरवला. बरं-वाईट, चूक-बरोबर यांतला फरक ओळखण्याची ताकद शिक्षणच देतं, असं निकालात म्हटलं गेलं. या वाक्यावर नंतर कायद्याच्या अभ्यासकांनी बरीच टीका केली, आणि ती रास्त होती. चूक-बरोबर ओळखायला दहावीचं प्रमाणपत्र लागत असेल तर देशातल्या निम्म्या आज्या-आजोबांचं काय करायचं?

महाराष्ट्राने घेतलेली भूमिका तुलनेने सौम्य आहे. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला तेव्हा त्यात सातवी पासची अट आली, पण ती १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपुरती. म्हणजे ज्यांच्या लहानपणी गावात शाळा होती, मोफत शिक्षण होतं, त्यांनाच लागू. ज्यांना संधीच मिळाली नाही त्यांना शिक्षा नको, एवढं भान या अटीत आहे. तरीही शाळा सुटलेली ऊसतोड कामगाराची मुलगी आज तिशीत असेल, तर ती या अटीत अडकतेच.

शिक्षणाच्या अटीचा सगळ्यात मोठा प्रयोग पाकिस्तानात झाला. जनरल परवेझ मुशर्रफ यांनी २००२ च्या निवडणुकीआधी संसद आणि प्रांतिक विधिमंडळांसाठी पदवी सक्तीची केली. त्या देशात पदवीधर मोजकेच असल्याने बहुसंख्य नागरिक एका फटक्यात अपात्र झाले. त्यातही मदरशांच्या सनदा पदवीच्या बरोबरीच्या मानल्या गेल्या, त्यामुळे काहींना वेगळी वाट मिळाली आणि काही जुने राजकारणी घरी बसले. एप्रिल २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. पण कथा तिथे संपली नाही. २०१० मध्ये लोकप्रतिनिधींच्या पदव्यांची पडताळणी सुरू झाली आणि बनावट पदव्यांचं प्रकरण बाहेर आलं. अनेकांना राजीनामे द्यावे लागले. संसदेत ज्ञान यावं म्हणून घातलेल्या अटीने खोट्या कागदांचा बाजार उभा केला.

यावर एक उपाय नेहमी सुचवला जातो: पदवी नको, उमेदवारांची परीक्षाच घ्या, यूपीएससीसारखी. ऐकायला छान वाटतं. पण पेपर कोण काढणार, कोण तपासणार, आणि त्या यंत्रणेवर नेमणुका कोण करणार? सत्तेत असलेलाच ना! अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मतदारांना दूर ठेवण्यासाठी साक्षरता चाचण्या वापरल्या जात होत्या. तिथे प्रश्न कागदावर सगळ्यांना सारखेच असले तरी उत्तर बरोबर की चूक हे ठरवणारा गोरा अधिकारी असे. १९६५ च्या मताधिकार कायद्याने त्या चाचण्यांना आळा घातला.

मग शिक्षणाने फरकच पडत नाही का?

पडतो, पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतो तसा सरळ नाही. मद्रास राज्याचं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे. १९५२ ते १९५४ या काळात तिथे मुख्यमंत्री होते सी. राजगोपालाचारी. वकील, लेखक, रामायण-महाभारताचे भाष्यकार, देशाचे माजी गव्हर्नर जनरल. त्यांच्या विद्वत्तेबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती. त्यांनी १९५३ मध्ये प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली: मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकायचं आणि उरलेल्या वेळात घरचा व्यवसाय शिकायचा. म्हणजे चांभाराच्या मुलाने चांभारकाम आणि न्हाव्याच्या मुलाने न्हावीकाम. राज्यभर संताप उसळला.

त्यांच्यानंतर आले के. कामराज. वडील गेल्यामुळे लहानपणीच शाळा सोडलेले. त्यांनी ती योजना गुंडाळली, बंद पडलेल्या शाळा उघडल्या, नव्या काढल्या आणि गरीब मुलांसाठी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. आज देशभर चालणाऱ्या शालेय पोषण आहाराच्या मुळाशी जे प्रयोग आहेत त्यांतला हा एक प्रमुख. उपाशी पोरगं शाळेत टिकत नाही, हे कामराजांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आपल्याकडे वसंतदादा पाटील. औपचारिक शिक्षण अगदी थोडं, पण सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा करताना कर्ज, शेअर, ऊस, पाणी आणि माणसं यांचा हिशेब ते शिकले. विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना महाराष्ट्रात दार उघडलं ते १९८३ साली, त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात. या निर्णयाने हजारो मुलं इंजिनीअर झाली आणि शिक्षणाचा धंदाही झाला. दोन्ही खरं आहे. कमी शिकलेल्या नेत्याचा प्रत्येक निर्णय शहाणपणाचा असतो असा भाबडा समज करून घेण्याचंही कारण नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. रायगडचे चिंतामणराव देशमुख आयसीएस होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, आणि १९५० मध्ये अर्थमंत्री झाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशाची तिजोरी कशी चालते हे आतून माहीत असलेला माणूस त्या खुर्चीत असणं ही मोठी गोष्ट होती. काही खात्यांत विषयाची समज नसलेला मंत्री परवडत नाही. मात्र देशमुखांना आजही मराठी घरांत मान आहे तो त्यांच्या पदव्यांइतकाच १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं यासाठी.

आजच्या लोकसभेत तीन-चतुर्थांशांहून अधिक सदस्य पदवीधर किंवा त्याहून जास्त शिकलेले आहेत. त्याच लोकसभेत, २०२४ मध्ये निवडून आलेल्या ५४३ जणांपैकी २५१ जणांनी स्वतःवर फौजदारी गुन्हे दाखल असल्याचं प्रतिज्ञापत्रात लिहिलं आहे. राजेंद्रबाबूंना जी पट्टी सापडत नव्हती ती विद्यापीठांनाही सापडलेली नाही.

मंत्र्याला नेमकं काय यावं लागतं?

मंत्रालयात फाइल खालून वर चढते. कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, ती उपसचिव, सचिव असं करत मंत्र्याच्या टेबलावर येते. पैशाचा विषय असेल तर वित्त विभागाचं मत, कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाचं मत जोडलेलं असतं. तांत्रिक माहिती गोळा करणं हे मंत्र्याचं काम नाही, त्यासाठी पगारी तज्ज्ञ आहेत. मंत्र्याचं काम आहे त्या टिप्पणीत काय लिहिलेलं नाही ते ओळखणं. हा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून जाणार, या निर्णयाने नुकसान कोणाचं होणार, सचिव हो म्हणतोय पण मागच्या सचिवाने नाही का म्हटलं होतं. हे प्रश्न ज्याला पडत नाहीत तो मंत्री आलेल्या फाइलवर 'मान्य' असा शेरा मारतो आणि राज्य प्रत्यक्षात अधिकारी चालवतात. यात डॉक्टरेट मिळवलेले मंत्रीही असू शकतात.

ही समज उघडी पडते ती सभागृहात. तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर विभाग तयार करून देतो. पण त्यावर पूरक प्रश्न सुरू झाले की कागद पुरत नाही. ज्या मंत्र्याने खातं वाचलंय तो उत्तर देतो. बाकीचे 'माहिती घेऊन पटलावर ठेवतो' म्हणतात. विरोधी बाकांवरच्या आमदारालाही हेच लागू आहे. अर्थसंकल्पातल्या विभागवार मागण्या वाचता येणं, 'कॅग'चा अहवाल समजणं, लोकलेखा समितीच्या बैठकीत अधिकाऱ्याला नेमका प्रश्न विचारणं. हे कुठल्याही बीएच्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

शिकवण्याची सोय मात्र आहे. महाराष्ट्र विधिमंडळाचं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, पंचायतींच्या सदस्यांसाठी पुण्यातली 'यशदा' प्रशिक्षण घेते, लोकसभेचीही स्वतंत्र संस्था आहे. ज्यांच्या नावाने विधिमंडळाचं केंद्र आहे ते पागे विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती आणि रोजगार हमी योजनेचे जनक. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये छोट्या प्रमाणात करून पाहिलेली कल्पना त्यांनी राज्याच्या कायद्यापर्यंत नेली. लोकप्रतिनिधीचं ज्ञान म्हणजे काय याचं इतकं चांगलं उदाहरण क्वचित सापडेल. गंमत अशी की प्रशिक्षणाला हजर राहणं लोकप्रतिनिधीच्या मर्जीवर असतं. उमेदवाराला अट घालण्यावर एवढी चर्चा होते, निवडून आलेल्याला शिकायला लावण्यावर फारशी होत नाही.

मतदाराला काय तपासता येतं?

२ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स'च्या खटल्यात निकाल दिला की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. सगळ्या पक्षांना हे इतकं झोंबलं की संसदेने कायदा बदलून तो हक्क आखूड केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्तीच रद्द केली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार 'नमुना २६' मध्ये प्रतिज्ञापत्र देतो आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं.

त्यात शिक्षणाचा रकाना आहे. शिक्षण कमी असलं तर उमेदवारी जात नाही, पण खोटं लिहिलं तर आमदारकी जाऊ शकते. मणिपूरमधल्या मोइरांग मतदारसंघातून २०१२ मध्ये निवडून आलेल्या एका उमेदवाराने आपण म्हैसूर विद्यापीठाचे एमबीए असल्याचं लिहिलं होतं. ती पदवी नव्हती. कारकुनी चूक झाली, हा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड रद्दबातल ठरण्यावर शिक्कामोर्तब केलं. खोट्या प्रतिज्ञापत्रासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडही होऊ शकतो.

प्रतिज्ञापत्रात जे नाही ते प्रचारसभेत तपासता येतं, आणि त्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: दिलेलं आश्वासन या पदाच्या हातात आहे का? घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे. रेल्वे, संरक्षण, चलन केंद्राकडे. शिक्षण आणि वनं दोघांकडे. कचरा, गटार आणि नळाचं पाणी महापालिकेकडे. तरीही नगरसेवकपदाचा उमेदवार कर्जमाफीचं बोलतो आणि खासदारकीचा उमेदवार गटारं साफ करून देतो म्हणतो. दुसऱ्यांदा उभा असलेल्या उमेदवाराबाबत तर अंदाजाचीही गरज नाही. मागच्या पाच वर्षांत त्याने किती प्रश्न विचारले, कोणत्या चर्चेत भाग घेतला, किती दिवस हजर होता, याची नोंद सभागृहाच्या कामकाजात आहे. खासदारांची लोकसभेच्या संकेतस्थळावर नावानिशी मिळते, आणि आमदारांसाठी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाहीचे कागद आहेत.